दांड्याची चिलीम

केवळाबाईची चिलीम सुदामच्या मोटरसायकलखाली आली आणि फुटली. सुदाम गाडीवरून उतरलासुद्धा नाही. म्हणाला, "बरं झालं. पाव्हण्यारावळ्यापुढं लाज वाटायली होती."

लाज कुणाला, तर सुदामला. ज्यानं गुटख्याच्या पिचकाऱ्या मारून मारून स्वतःच्या दुकानाची भिंत गेरूनं सारवल्यासारखी केली, त्याला. केवळाबाई त्याची आई. उभा जन्म रानात गेला तिचा. दोन वेळा जेवण झालं की परसात भिंतीला टेकून एक चिलीम, एवढीच तिची चैन. तीही कुणाच्या तोंडावर धूर न सोडता. पण बाप्यानं ओढली की ती तलफ, आणि बाईनं ओढली की लाज, हा कायदा आपल्याकडं कुणी केला ते कुणी सांगत नाही.

सून राजकन्या भाकरी थापत होती. ती उठली, मातीचे तुकडे वेचले, सासूच्या हातात दिले. केवळाबाईनं ते ओट्यावर मांडून पाहिले. जुळत नव्हते.

"राहू दे माय," ती म्हणाली. "आता कोण करतंय चिलमी."

खरंच कोणी करत नव्हतं. राजकन्या मुखेडची. तिनं भावाला फोन लावला. त्यानं आठवडी बाजारात कुंभाराच्या जागेवर जाऊन पाहिलं, तर तिथं प्लास्टिकच्या बादल्या. पुढं एकदा लातूरला गेली तेव्हा तिनं गोलाईच्या बाजारात विचारलं. दुकानदारानं आधी तिच्या कपाळाकडं पाहिलं, मग रस्त्याकडं, मग आवाज बारीक केला.

"ताई, नुसती चिलीमच का बाकीचं पण?"

"बाकीचं काय?"

"समजून घ्या की."

"समजलं," राजकन्या म्हणाली. आवाज तिचा शेजारच्या दुकानांत जाईल असा. "तुझ्या मायला धाडून दे माझ्याकडं. तिला नीट समजावून सांगते."

परतताना रेणापूरच्या गाडीत बसल्यावर तिनं ठरवलं, आपण करू. कसं ते माहीत नव्हतं. तिनं आयुष्यात लाकडाची एक वस्तू केली नव्हती. शेतकऱ्याची लेक, शेतकऱ्याची सून. नवऱ्याचं विहिरीवरच्या जळालेल्या मोटारी भरायचं दुकान, घराला लागूनच पत्र्याच्या शेडात. तिथं ती झाडू मारायला जायची तेवढीच.

फोनवर एक परदेशी दाढीवाला सापडला. झाडाच्या मुळाचा तुकडा घेऊन तंबाखूचा पाइप करत होता. बोलत होता ते तिला एक अक्षर कळलं नाही. तिनं आवाज बंद केला आणि पीठ मळता मळता नुसते त्याचे हात पाहिले. वाटी कोरली. बाजूनं बारीक भोक पाडलं, ते वाटीच्या बरोबर बुडाला निघालं. भोकात नळी बसवली.

राजकन्येचा हात पिठात थांबला. हे तर चाडं.

तिफणीचं चाडं ज्यांनी पाहिलं नाही त्यांना सांगायला पाहिजे. पेरणीची तिफण असायची, तिच्यावर ही लाकडाची खोलगट वाटी. बुडाला भोकं, भोकात वेळूच्या नळ्या. वरून मुठीनं बी सोडायचं, नळीतून खाली तासात, फणानं पाडलेल्या रेघेत पडायचं. आता ट्रॅक्टरनं पेरतात. पाइप म्हणजे तेच, फक्त बी खाली सोडायचं त्याऐवजी वारा ओढायचा.

येळवशीला, म्हणजे वेळ अमावस्येला, सगळं घर रानात होतं. कडब्याच्या कोपीत पांडव मांडले, आंबिल प्याली, भज्जी खाल्ली, आणि लोक बांधावर आडवे झाले तेव्हा राजकन्या आखाड्यात, अवजारं ठेवायच्या खोपटात शिरली. तिफणीला वाळवी लागली होती. चाडं मात्र खुंटीला तसंच. बाभळीचा गाभा, वाळवीचा बाप आला तरी खात नाही.

"आत्याबाई, हे घेऊ का?"

"घे की. चिमण्या अंडी घालायल्यात त्यात," केवळाबाई म्हणाली. "काय करतीस?"

"तुमची चिलीम. दांड्याची."

"चाड्याची चिलीम!" म्हातारी पदर तोंडाला लावून हसली. गावात तिच्याइतकी सारखी मूठ कुणाची नव्हती. पेरणीला लोक तिला बोलवायला यायचे. "जन्मभर ह्यात बी टाकलं. आता तंबाखू टाकते, आन काय."

कुणालाच काही आठवलं नाही. तिला नाही, राजकन्येला नाही.

दुपारी सुदाम मोटारी बसवायला रानोरान जायचा. त्या वेळात ती शेडात बसायची. चाड्याचं जाड बूड कापून तिनं दोन ठोकळे काढले. पहिल्याची आधी वाटी कोरली, मग बाजूनं भोक पाडायला गेली. ड्रिल घसरलं. भोक वाटीच्या अर्ध्यात निघालं. तंबाखू खाली आणि वारा वर. चाड्याला असं भोक असतं तर अर्धं बी चाड्यातच उगवलं असतं. तो ठोकळा गेला.

तिसऱ्या प्रहरी सुदाम अचानक आला. बायको ग्राइंडरवर वाकलेली, ठिणग्या उडतायत.

"काय करायलीस?"

"पाइप."

"दीड इंची का दोन इंची?"

"तोंडात धरायचा."

सुदामला हसू आवरेना. "विकायचा हाय का?"

"न्हाई."

"मग?"

"आत्याबाईला करायलेय."

"अगं पण कशापाई? आन ती माझी ड्रिलची नवी बीट घासून टाकलीस की!"

"चपटी होती. मला गोल पाहिजे."

कशापाई. हा शब्द गावात बाईच्या मागं कुत्र्यासारखा लागतो. बाप्ये पारावर दिवसभर पत्ते कुटतात, त्यांना कुणी कशापाई म्हणत नाही. पोरं कर्ण्याच्या गाडीपुढं कान फुटेस्तोवर नाचतात, ती हौस. बाईनं हातात कानस धरली की अख्ख्या गावाला हिशेब सुचतो.

शेजारची भामाबाई बचत गटाची अध्यक्ष. ती मुद्दाम पाहायला आली. पाट ओढून बसली.

"शेतकऱ्याच्या घरची सून आन सुतारकी करायलीस? शोभतं का माय? करायचंच तर पापड कर. आपल्या गटात मेणबत्त्या चालू करायल्यात, त्या कर."

"भामाबाई, ज्या पाटावर बसलीस तो कुणी केलाय?"

"सुतारानं. आन कुणी करणार?"

"त्याची वस्तू बुडाखाली चालती तुला. त्याचं काम हातात घेतलं की बाटलो व्हय?"

भामाबाई उठली. पाट मात्र तिनं उठताना पायानंच सरकवला. आपल्याकडं हातानं वस्तू करणाऱ्याला आधी जात विचारतात, मग मजुरी, आणि हौस असेल असं तर कुणाच्या डोक्यातच येत नाही.

दुसऱ्या ठोकळ्याला राजकन्येनं उलटं केलं. आधी बारीक भोक. मग वरून वाटी, थोडी थोडी, दर वेळी भोकात तार घालून बघत. तार वाटीच्या बुडाला टेकली तेव्हा तिनं हात थांबवला. शेडात कुणी नव्हतं म्हणून बरं. ती एकटीच मोठ्यानं हसली होती.

मग कानस, मग पॉलिश पेपर, मग करडईच्या तेलाचं बोट. लाकूड गुळाच्या ढेपेसारखं चमकायला लागलं. वेळूची नळी बसवली. झाला.

त्याच दिवशी सुदामचा भाचा अमरेश लातूरहून आला. हा फोनवरून गावरान वस्तू विकतो, लोणची, घोंगड्या, काय काय.

"मामी, हे तुम्ही केलं?"

"न्हाई, चिमण्यांनी केलं."

त्यानं पाइप खिडकीत ठेवला, विटेवर ठेवला, फोटो काढले आणि तिथंच बसून लिहिलं: शंभर वर्षं जुन्या तिफणीच्या लाकडाचा पाइप.

"शंभर कुठले रे?" केवळाबाई म्हणाली. "माझ्या लग्नानंतर केलीय ती तिफण. मी काय शंभराची हाय?"

"आज्जी, लोकांना जुनं आवडतं."

"मग मलाच घेऊन जा."

दिवस मावळायच्या आत विचारणा सुरू झाल्या. पुण्याहून, हैदराबादहून. आणि सुदाम बदलला. सकाळपर्यंत "तिचं खूळ" होतं, आता "आमचा पाइप" झाला. गाडी काढून तो चार आखाडे फिरला आणि लोकांची पडीक चाडी पोत्यात घालून घेऊन आला. वाटेत सगळ्यांना सांगत आला, "आमच्या मिसेसच्या हातात कला हाय." लग्नाला इतकी वर्षं झाली, मिसेस हा शब्द तिनं पहिल्यांदाच ऐकला.

केवळाबाई परसात येऊन बसली होती. हातात तंबाखू चुरून तयार.

"आण गं. बघू तरी."

"थांबा आत्याबाई, आतला भुसा पुसते."

राजकन्येनं काडीला ओलं पांढरं फडकं गुंडाळलं आणि वाटीतून फिरवलं. फडकं बाहेर आलं ते गुलाबी.

बाभूळ लाल असते. पण ती विटेसारखी लाल. ही गुलाबी होती, जत्रेतल्या रंगीत गोड शेवेसारखी. तिनं दुसरं फडकं फिरवलं. तेही गुलाबी. मग चुलीतला निखारा चिमट्यानं आणून वाटीत ठेवला आणि लांबूनच वास घेतला.

खता-बियाण्याच्या दुकानात शिरल्यावर येतो तो वास.

लग्नाच्या पहिल्या वर्षीची मिरगाची पेरणी तिला लख्ख आठवली. घमेल्यात ज्वारीचं बी, त्यावर गुलाबी पावडर, आणि ती नवी नवरी उघड्या हातानं बी चोळतेय. पुडीवर कवटीचं चित्र. चोळलेलं बी ओटीत घेऊन केवळाबाई चाड्यावर मूठ धरायची. दिवसभर. वर्षानुवर्षं ते औषध या लाकडानं पिलं होतं. आणि त्याच लाकडातून म्हातारी आता धूर ओढणार होती.

"आत्याबाई, तंबाखू ठेवा खाली."

सुदाम आणि अमरेश धावत आले. फडकं पाहिलं. सुदामनं वास घेतला आणि तोंड फिरवलं. पण हार मानली नाही.

"इतक्या वर्षांचं औषध राहतं व्हय?"

"मला ठाऊक न्हाई. तुम्हाला हाय?"

सुदामनं फडकं उलटं करून पाहिलं.

अमरेशनं मान हलवली. "मामी, टेन्शन घेऊ नका. ही माणसं ओढत नसतात. काचेच्या कपाटात ठेवतात. आपण खाली लिहू ना, फक्त शोभेसाठी."

"आन एकानं ओढला तर?"

"ती त्याची जबाबदारी. आपण लिहिलेलं असतं."

"त्या पुडीवर पण लिहिलेलंच होतं," राजकन्या म्हणाली. "बारीक अक्षरात. हातात काहीतरी घाला, तोंडाला बांधा. आम्हाला कुणी वाचून दाखवलं? विकणाऱ्यानं हात झटकले, आन आम्ही रातभर डोकं धरून बसलो. आता मी पण तसंच लिहू?"

"राजकन्या, डोकं चालव जरा—" सुदाम म्हणाला.

"चालवायलेय."

तिनं पाइप शेडात नेला, व्हाइसच्या जबड्यात आवळला आणि हातोडा घातला. बाभूळ चिवट. एका घावात गेला नाही. दुसऱ्याला गेला. तिला रडू आलं, ते तिनं तिसऱ्या घावात घातलं. तुकडे चुलीत घालायची सोय नव्हती. विहिरीपासून लांब, पडीक जागी खड्डा खणून तिनं ते पुरले. मग सुदामनं आणलेलं पोतं उचललं आणि एकेकाच्या दारात जाऊन चाडं परत दिलं. प्रत्येकाला सांगितलं, "ह्यात विष मुरलंय. पोरांना खेळायला देऊ नका, दाणे ठेवू नका." कुणी आभार मानले, कुणी वेड्यात काढलं. भामाबाई म्हणाली, "म्हणून म्हटलं होतं मेणबत्त्या कर." अमरेशनं फोटो काढून टाकले आणि पुष्कळ दिवस मामीकडं पाणी प्यायला नाही आला.

राजकन्या दुसऱ्याच दिवशी खुरपं आणि कुऱ्हाड घेऊन पाणंदीला गेली.

पाणंद रस्त्यासाठी जेसीबीनं बाभळी उपटल्या होत्या. फांद्या लोकांनी नेल्या होत्या, बुडखे तसेच उताणे पडलेले. कुणी पेरलेल्या नाहीत, कुणी औषध मारलेल्या नाहीत, अशा. तिनं मुळाजवळच्या गाठी तोडल्या. हाताला फोड आले. बाभळीनं सोडताना काटाही टोचला, पण तो तिचा हक्कच.

चीक निघावा म्हणून गाठी मोठ्या भगुन्यात उकळल्या. पाणी लाल झालं, ओतलं. पुन्हा उकळल्या. कोऱ्या चहासारखं झालं, ओतलं. पाणी नितळ राहीपर्यंत तिनं सोडलं नाही. मग एक गाठ उन्हात ठेवली तर ती संध्याकाळपर्यंत टचकन उकलली. तेव्हा बाकीच्या तिनं ज्वारीच्या पोत्यात खोल दाबून ठेवल्या, जसे आपण सीताफळं ठेवतो. दाणे ओल हळूहळू ओढतील, घाई करणार नाहीत.

आणि वाट पाहिली. ज्वारी काढून झाली. ऊन तापलं. मधल्या काळात केवळाबाईचं तोंड फिरलं होतं. चिलीम नाही म्हणून तिनं बडीशेप चावली, सुनेशी भांडली, लेकाशी भांडली, एका कोंबडीशीसुद्धा भांडली. मग हळूहळू भांडण कमी झालं. जेवल्यावर परसात बसायची ती नुसतीच बसायला लागली.

राजकन्येनं पोत्यातून गाठ काढली. टिचकी मारली. खणखणीत वाजली.

"आत्याबाई, वाळली. आता करते तुमची."

केवळाबाई जराशी ओशाळली. "आता नको वाटायलंय गं मला. सुटली वाटतं."

सुदामनं टाळी वाजवली. "संपलं! लई बेस झालं. घाल ते लाकूड चुलीत, आन मिटव."

राजकन्येला राग आला. सासूचा नाही. म्हातारीचं व्यसन सुटलं, चांगलंच झालं. राग आला तो वेगळाच. सगळ्या गावाला ती सांगत आली होती, आत्याबाईसाठी करायलेय. स्वतःलाही तेच सांगत आली होती. सासूच्या नावानं बाईनं काही मागितलं तर चालतं. लेकराच्या नावानं चालतं, देवाच्या नावानं चालतं. स्वतःच्या नावानं मागायला गेलं की जीभ टाळूला चिकटते. आता सासूचं नाव निघून गेलं होतं आणि हातात नुसती गाठ होती.

"मी करणार हाय," ती म्हणाली.

"कुणासाठी?"

"माझ्यासाठी."

"तू ओढणार?" सुदामचे डोळे मोठे झाले.

"न्हाई. थू."

"मग?"

"मग काही न्हाई. करणार. एक, नीट वारा ओढणारा. पहिल्यापासून शेवटपर्यंत माझ्या हातचा."

"येडी झालीस," सुदाम म्हणाला. दुसऱ्या दिवसापासून तो ड्रिल गाडीला बांधून रानात न्यायला लागला. काम असो नसो. कानसही कुठंतरी दडवली.

बरं. राजकन्येनं बारीक सळई घेतली. चुलीत लाल केली आणि लाकडात टेकवली. धूर, चर्र आवाज, कणभर खोल. पुन्हा लाल. पुन्हा कणभर. भाकरी झाल्यावर जो जाळ उरतो, त्याच्यावर. जे ड्रिलनं पाण्याच्या एका घोटाइतक्या वेळात झालं असतं, त्याला उन्हाळा लागला. वाटीसाठी भंगारातल्या मोडक्या पट्टीला दगडावर घासून घासून धार लावली. पॉलिश पेपर मुखेडहून भावानं पाठवला, वर निरोप, "ताई, काय करायलीस कळंना, पण कर."

मिरग लागायला आला होता. सुदाम दारात गाडी पुसत होता. राजकन्या परसात आली आणि केवळाबाईपुढं हात केला. हातात पाइप. गाठीच्या रेषा वाटीभोवती फिरल्या होत्या, भोवऱ्यात पाणी फिरतं तशा. एका बाजूला सळईचा काळा डाग होता. तो तिनं घासून काढला नव्हता.

"बघा बरं. वारा येतोय का?"

केवळाबाईनं तो उन्हात धरला, वाटीत बोट घातलं, हुंगला. कशाचाच वास नव्हता, लाकडाचा सोडून. तंबाखू न भरता तिनं नळी ओठात धरली, डोळे मिटले आणि ओढलं. तिचे गाल आत गेले. एक लांब, बारीक शीळ वाजली.



"येतोय," म्हातारी म्हणाली. पुन्हा एकदा ओढून पाहिलं. "मूठ सोडल्यागत येतोय. कुठं अडकंना." मग नळीवरून बोट फिरवलं. "पण दांडा तिरका बसलाय."

"बसलाय."

"आता कसा काढणार?"

"ह्याचा न्हाई निघायचा. दुसऱ्याला सरळ बसवते. अजून गाठी हायत पोत्यात."

दारातून सुदाम ओरडला, "दुसरा? अगं कशापाई?"

राजकन्येनं मागं वळूनही पाहिलं नाही. ती पडवीतल्या ज्वारीच्या पोत्यात हात घालून गाठ शोधत होती.

"सुदाम," केवळाबाई म्हणाली. पाइप अजून तिच्या हातातच होता. "ती कानस कुठं दडवलीस?"

"आई, तू पण—"

"आण इकडं. तिच्या हातात दे."

सुदामनं गाडी पुसायचं फडकं खांद्यावर टाकलं. मग त्यानं गाडीची सीट उचलली, खालून कानस काढली आणि आणून दिली.